विमानांच्या पोटाखाली

हातातून पाना सुटला आणि बाथरूमच्या फरशीवर पडला. झालं ते एवढंच. वॉशिंग मशीनचा मागचा पत्रा काढून मी भिंतीच्या आणि मशीनच्या फटीत अर्धा आडवा झालो होतो, निसटलेला पट्टा चाकावर चढवत होतो, हाताला साबणाचं पाणी लागलेलं, घसरला पाना. ठण्ण. आणि बाहेरच्या खोलीत गादीवर झोपलेलं त्या ताईंचं बाळ दचकलं. दार उघडं होतं, मला समोरच दिसलं. दोन्ही हात एकदम वर फेकले, बोटं ताणली, खालची गादी कुणी ओढून घेतल्यासारखं केलं, मग डोळे उघडले, मग तोंड, आणि मग भोकाड. ताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "दादा, सांभाळून हो जरा! आत्ता कुठं डोळा लागला होता." मी म्हटलं, "सॉरी ताई. काय आहे ना, मला लक्षातच राहत नाही. आमची पण एवढीच आहे, पण डोक्यावरून विमान जाऊ दे, कूस बदलत नाही." आणि हसलो. हे वाक्य मी किती घरांत म्हटलंय याला मोजदाद नाही. लोक हसतात, मग ओळख होते, मग चहा येतो. ताईही हसल्या. माझं हसू मात्र मधेच कुठंतरी अडकलं. ते बाळ त्यांच्या खांद्यावर हुंदके देत होतं आणि मी त्याच्या हातांकडे बघत बसलो होतो. आमच्या पोरीचे, कॅप्टनचे हात असे वर गेलेले मी कधी पाहिलेत का?

"म्हणजे तुम्ही विमानतळाच्या मागं राहता?" ताईंनी विचारलं. "आम्हाला पण त्या बाजूचं एक घर दाखवत होते. ऐसपैस आहे म्हणे. कसा आहे हो भाग? राहण्यासारखा आहे का?" एरवी या प्रश्नावर मी अर्धा तास बोलू शकतो. चांगलं काय, वाईट काय, दोन्ही तोंडपाठ आहे, लग्न झाल्यापासून तर रोजचा सराव आहे. पण त्या दिवशी नुसतं "बरा आहे," म्हटलं आणि पत्र्याचे स्क्रू पिळत बसलो. एक स्क्रू तिरका गेला तरी तसाच पिळला. मशीन चालू करून बघितलं, ड्रम फिरला, ताई म्हणाल्या आवाज कमी झाला की हो. मला त्या क्षणी आवाज हा शब्दच ऐकायचा नव्हता.

स्कूटरवर बसलो. ताईंच्या त्या भागात झाडांची सावली रस्त्यावर असते आणि माणसं एकमेकांशी इतकं हळू बोलतात की पहिल्यांदा मला वाटायचं सगळे कुणाच्या तरी आजारपणाला आलेत. मी तिथं बेल दाबून "मशीनवाला!" म्हणालो की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडते. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे बोलायचं म्हणजे छातीतून. विमानं आमच्या गच्चीवरून उतरतात, इतकी खाली, की चाकं बाहेर आलेली दिसतात, पोटावरचे डाग दिसतात. आला आवाज की आमच्या भागातला माणूस एक बोट वर करतो आणि थांबतो. वाक्य जिथं असेल तिथं. विमान गेलं की तिथूनच पुढं. कुणाला सांगावं लागत नाही. शाळेत बाई बोट वर करून थांबायच्या, त्यांच्या मागं आम्ही सगळे, आणि ज्याला उत्तर येत नसायचं त्याला तेवढ्यात शेजारच्याच्या पाटीत बघता यायचं. आमच्या नाक्यावरचे न्हावीकाका दाढी करताना आवाज आला की वस्तरा गळ्यापासून उचलतात, टाचा जुळवून उभे राहतात, आणि विमान गेल्यावर पुन्हा टेकवतात. त्यांचा हात कापत नाही, पण खुर्ची हादरते. नवीन गिऱ्हाईक असेल तर त्याला वाटतं काका प्रार्थना करतात. मी स्वतः बाहेरच्या भागात कामाला गेलो की उगीचच बोलता बोलता थांबतो. समोरचा म्हणतो, "काय झालं?" काही नाही झालेलं. नुसती सवय.

आणि चांगलं पण आहे ना. तेच तर मी बायकोला सांगत आलो. भाडं कमी, खोल्या मोठ्या, उंच इमारती बांधायला परवानगीच नाही, म्हणून आभाळ पूर्ण दिसतं, वारा थेट घरात येतो. गच्चीवर वाळत घातलेले कपडे पटकन वाळतात. सगळे ओरडून बोलतात म्हणून कुणाचं काही लपत नाही. कुणाच्या घरात ताप आलाय, कुणाची नोकरी गेली, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं, आणि कळलं की माणसं येतात. बाबा गेले तेव्हा आम्हाला कुणाला कळवावंच लागलं नाही. आईच्या एका हाकेवर पन्नास चपला दारात. आणि भांडणं! आमच्या भागात भांडण पेटतच नाही. आईबाबांचं जुंपलं की नेमकं सगळ्यात वाईट वाक्य तोंडावर येताना विमान यायचं. दोघं बोटं वर करून एकमेकांकडे बघत उभे. विमान जाईपर्यंत बाबांना हसू यायचं. बायको हे ऐकून म्हणाली होती, "म्हणजे तुमच्याकडे आयुष्यात कुणी कुणाला कानात काही सांगितलंच नाही." मी म्हटलं, "कानात सांगण्यासारखं आमच्याकडे काही नसतं." ती शांत गावातून आलेली. पहिले कितीतरी दिवस विमान आलं की ती ताटावरून उठायची. नवीन नवीन असताना एका संध्याकाळी गच्चीवर तिने मला काहीतरी विचारलं, विमान आलं, मी बोट वर केलं, तिला तेव्हा आमची रीत माहीत नव्हती, ती बोलतच राहिली. मला ओठ हललेले दिसले. विमान गेल्यावर मी म्हटलं, "हं, आता बोल." ती म्हणाली, "काही नाही."

मग पोरगी झाली आणि सगळंच बदललं. दवाखान्यातून आणली त्या दुपारी एकामागून एक विमानं उतरत होती, भांडी फळीवर नाचत होती, आणि ही आपली मुठी मिटून गाढ. आईने गल्लीत ओरडून सांगितलं, "बघा गं, बघा! एवढंसं पिल्लू आणि ढिम्म हलत नाही! आमच्या भागाचीच आहे!" न्हावीकाका दुकान सोडून बघायला आले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ही काय, कॅप्टन आहे. विमान हिला विचारून उतरतं." झालं, नाव पडलं. पाळण्यात ठेवलेलं नाव आता कुणालाच आठवत नाही. इतर पोरं पहिले काही महिने रडतात आमच्याकडे, आया त्यांचे कान झाकत फिरतात. कॅप्टन कधी रडली नाही. आई ज्याला त्याला दाखवायची. विमान यायच्या वेळेला बायका तिला मुद्दाम गच्चीवर न्यायच्या, वर दाखवायच्या, आणि कॅप्टन त्या मोठ्या पोटाकडे बघून हसायची. बघून. स्कूटर चालवताना त्या शब्दाशी मी असा अडकलो की सिग्नल हिरवा झाला तरी मी उभाच. मागून हॉर्न वाजले. हॉर्न वाजले की ती खांद्यावर असताना मान फिरवते का? दाराची बेल? कुकरची शिट्टी? मी आठवत गेलो. प्रत्येक आठवणीत ती कुणाकडे तरी बघत होती. बघितल्याशिवाय ती कधी हसलीच नव्हती.

नाक्यावर काकांनी हात केला, "काय रे, आज लवकर? कॅप्टनने हजेरी घेतली वाटतं!" मी थांबलो नाही. घरात आई नव्हती, भाजी आणायला गेली होती. बायको मागं स्वयंपाकघरात. कॅप्टन पुढच्या खोलीत चटईवर, दाराकडे पाठ करून, कपड्यांचे चिमटे एका डब्यात टाकत होती आणि पुन्हा बाहेर काढत होती. मी बूट न काढताच उभा राहिलो. विमान येत होतं. ते जाऊ दिलं. हा पण एक विनोदच, की पोरीला ऐकू येतं का बघायला सुद्धा आमच्याकडे विमान जाईपर्यंत थांबावं लागतं. मग मी फळीवरचं झाकण घेतलं, चमचा घेतला, पाय न वाजवता तिच्या मागं जाऊन जोरात वाजवलं. आणि ती वळली! पूर्ण वळली, माझ्याकडे बघून दोन्ही दात दाखवले. मी तिथंच खाली बसलो, झाकण मांडीवर, आणि हसत होतो की रडत होतो कुणास ठाऊक.

"सावली पडली तुझी."

बायको दारात उभी होती. हात ओले. आवाज तिचा नेहमीसारखाच, हळू.

"खिडकीच्या बाजूनं उभं राहायचं नाही. तिला सावली दिसते. मी पण पहिल्यांदा अशीच फसले होते." ती आली, माझ्या हातातून झाकण घेतलं, मला हाताला धरून उठवलं आणि भिंतीच्या बाजूला नेलं, जिथून सावली मागं पडते. कॅप्टन पुन्हा चिमट्यांत गुंतायची वाट बघितली. मग तिने वाजवलं. मग मी वाजवलं. मग मी हाक मारली, आमच्या भागाची हाक, छातीतून, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. चिमटा डब्यात पडला. दुसरा चिमटा डब्यात पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस. तू कामाला गेलास आणि आई बाहेर गेल्या की करते. रोज वाटतं आज वळेल."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू?" ती भिंतीला टेकली. "मी या भागाबद्दल तोंड उघडलं की तुमचं मायलेकरांचं एकच, हिला इथून जायचंय. पोरीच्या कानाचं निमित्त केलं म्हणाला असतात." मी काही म्हणणार होतो, पण ते खरं होतं. आम्ही म्हणालो असतो. आई ओरडून आणि मी हसून. ती पुढं म्हणाली, "आणि दुसरं असं, की डॉक्टरांनी सांगितलं असतं, हे विमानांमुळे झालं, तर? पोटात होती तेव्हापासून ती हे ऐकत असणार. मग मी तुझ्याबरोबर कशी राहिले असते? म्हणून नाही गेले डॉक्टरकडे. तुला सोडावं लागेल म्हणून." हे ती इतकं सरळ बोलली की मला बोट वर करावंसं वाटलं, कुठूनतरी विमान यावं आणि हे वाक्य मधे थांबावं. नाही आलं. एरवी दर थोड्या वेळाने येणारं विमान तेव्हा आलं नाही आणि सगळं वाक्य मला ऐकावं लागलं.

कानाची डॉक्टर झाडांच्या सावलीतल्या त्या शांत भागातच बसते. तिथं एक खोली आहे, भिंतींना मऊ गाद्या लावलेली. दार बंद झालं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. मला गुदमरायला झालं. बायकोचा चेहरा मात्र त्या खोलीत सैल पडला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मला कळलं की ती आमच्या घरात सतत दात आवळून राहते, मी त्याला तिचा चेहराच समजत होतो. कॅप्टनच्या डोक्याला बारीक वायरी लावल्या, ती झोपली, यंत्र चालत राहिलं. मी त्या वेळात एकच गोष्ट मनात घोळवत होतो, आणि ती पोरीला ऐकू यावं ही नव्हती. ऐकू येत नाही हे मला कळलंच होतं. मी म्हणत होतो, फक्त आमच्यामुळे नको. आमच्या गच्चीमुळे नको, आमच्या स्वस्त भाड्यामुळे नको. मी तिला आभाळ दिसेल म्हणून हट्टाने तिथं ठेवली आणि त्याच आभाळाने तिचे कान खाल्ले, असं नको. बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या बाजूने तीही तेच म्हणत असणार.

डॉक्टर तरुण होती, खुर्ची पुढं ओढून बसली. "जन्मापासूनच आहे," ती म्हणाली. "विमानांचा काही संबंध नाही. तुम्ही कुठंही राहिला असतात तरी असंच असतं." बायकोने तोंडाला पदर लावला आणि मोठ्याने रडली, आमच्या भागातल्या बाईसारखी रडली, बाहेर बसलेले लोक आत डोकावले. डॉक्टरला वाटलं ही पोरीसाठी रडते. मी बायकोचा हात धरून बसलो. पोर बहिरी आहे हे नक्की झालं त्या मिनिटाला आमचं दोघांचं काहीतरी वाचलं होतं, आणि याची लाज वाटायला पण वेळ नव्हता, कारण डॉक्टर पुढचं सांगत होती. कानाला मशीन लागेल, लवकर. थोडं ऐकणं उरलंय, त्याला धरून शिकवता येईल, नाही जमलं तर ऑपरेशनचं बघू. "पण घरात शांतता पाहिजे. मशीन सगळंच मोठं करतं, शब्द पण आणि विमान पण. त्या गोंगाटातून तिला आईचा शब्द वेगळा काढता येणार नाही. जमत असेल तर भाग बदला." म्हणजे ज्या दिवशी आमचा भाग निर्दोष सुटला त्याच दिवशी तो सोडायचं ठरलं. आभाळ, वारा, पन्नास चपला, सगळं खरंच होतं आणि काहीही पुरत नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा तिने आधी मलाच झापलं. "काहीतरी बोलू नकोस! त्या डॉक्टरीणबाईला काय माहीत आपल्याकडची पोरं! सवय आहे तिला, सवय!" ताट घेतलं आणि कॅप्टनच्या कानाजवळ बदडलं. कॅप्टनने ताट पकडायला हात पुढं केले, ताटात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. आईने आणखी एकदा वाजवलं, मग हळूहळू ते ताट तिच्याच हातात दिलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. "मी गल्लीभर मिरवत होते रे," म्हणाली. "माझी नात बघा, माझी नात बघा." न्हावीकाका संध्याकाळी आले, कुणीतरी सांगितलंच होतं, आमच्याकडे काही लपत नाही. पायरीवर बसले, चहा घेतला, कॅप्टन त्यांच्या मिशीला झोंबत होती. "नाव मी ठेवलं," एवढंच म्हणाले. बायको म्हणाली, "नाव चांगलंय काका. तेच राहू द्या." काकांनी कप खाली ठेवला आणि उगीचच गळ्यातला रुमाल झटकला.

घर मिळालं तिकडं, एक खोली आणि स्वयंपाकघर, झाडांच्या बाजूला. वारा नाही, आभाळ खिडकीएवढं. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मी येणार नाही. तुम्ही जा तिघं. मी इथंच बरी." बायकोने विचारलं का, तर म्हणे पाय दुखतात. मग म्हणे तिकडं ओळखीचं कोणी नाही. मग दुसऱ्या दिवशी दळण निवडता निवडता, कुणाकडे न बघता म्हणाली, "माझा आवाज हा असा. इतकी वर्षं विमानाशी स्पर्धा केली. तिकडचे शेजारी हाकलून देतील. ते जाऊ दे, पण पोरीच्या कानाला ते यंत्र लागणार, पहिल्यांदा काही ऐकू येणार, आणि मी तोंड उघडलं तर भ्यायची ना ती. आजीला भ्यायची." बायको उठली, कॅप्टनला उचलून आईच्या समोर बसवलं, स्वतः बाजूला मांडी घालून बसली. "बोला तिच्याशी," म्हणाली. "मी सांगते किती हळू ते."

"आत्ता? तिला कुठं ऐकू येतंय आत्ता?"

"म्हणूनच आत्ता. चुकलं तरी चालतंय."

आईने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिने पदर सारखा केला, परीक्षेला बसल्यासारखी ताठ झाली, कॅप्टनकडे बघितलं आणि तिच्या मते अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जेवलीस का?"

समोरच्या घरातून उत्तर आलं, "जेवले गं! तुझं झालं का?"

मी आधी फुटलो. मग बायको. इतकी हसली की आडवी झाली, मला ती इतकी हसलेली आठवत नाही. आई चिडली, "हसता काय मेल्यांनो!" आणि तीही हसायला लागली, डोळे पुसत, आणि आम्ही तिघं हसतोय बघून कॅप्टन टाळ्या पिटायला लागली. समोरून पुन्हा हाक आली, "काय झालं गं? अगं, सांग की!" कुणीच ओ दिली नाही. बायको उठून बसली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून हळू, आई. खूप हळू. फक्त तिच्यापुरतं."

आई पुढं वाकली. कॅप्टनचे दोन्ही हात तिने हातात घेतले, चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेला, आणि पुन्हा विचारलं. या वेळी समोरच्या घरातून कोणी काही बोललं नाही.